शहाळे, पेज आणि मोजलेले मीठ

१/ अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या या किनाऱ्यावर बाळाला जुलाब लागले की वाडीतले शहाळे आणि घरची पेज ही दोन नावे सहज पुढे येतात. या शहाणपणाला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. मात्र तेवढ्यावर विसंबणे त्याहून मोठी चूक आहे. असे का, ते ओआरएसचा इतिहास सांगतो. #इतिहास

२/ जुलाबात जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार वाहून गेल्याने. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या साथीने शोषले जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले. पाणी त्यांच्या मागोमाग शरीरात शिरते.

३/ १९७१. बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांनी भरलेले, सीमेवरचे बनगाव. कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करविले. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

४/ मीठ घातलेल्या पेजेत तत्त्व हेच आहे. माप मात्र नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम तुटपुंजे. गोड सरबते व शीतपेये तर अपायकारकच. जादा साखर पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते.

५/ २००२ पासूनच्या जागतिक सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. म्हणूनच लिटरची पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवावी आणि २४ तासांत संपवावी. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलेली अर्धी पुडी बाळाला घातक ठरू शकते.

६/ बाजारानेही या नावाचा गैरफायदा घेतला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना 'ओआरएस' हे नाव लावण्यास मनाई केली. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

७/ तेव्हा क्रम असा असावा : अंगावरचे दूध चालूच, ओआरएस चमच्याचमच्याने, आणि सहा महिन्यांपुढील बाळाला जोडीला पेज. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा बाळ पिईनासे झाले, तर तत्काळ दवाखाना.

८/ महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. बनगावात त्यांनी आईच्या हातावर विश्वास टाकला होता, पण त्या हातात मोजलेली पुडी देऊन. किनाऱ्यावरच्या घराघरांत पेजेच्या पातेल्याशेजारी ती पुडी असणे, हाच त्या इतिहासाचा खरा मान.