शालेय चरित्रलेखन आणि साधनांचा विवेक

चरित्र या वाङ्मयप्रकाराची चर्चा मराठीत होते ती प्रामुख्याने प्रौढ चरित्रकारांच्या संदर्भात. सातवीतील विद्यार्थ्याने लिहिलेले दोनपानी चरित्र अभ्यासकांच्या विचारकक्षेत येत नाही. वस्तुतः बहुसंख्य मराठी भाषकांच्या आयुष्यातील चरित्रलेखनाचा तो पहिला, आणि बहुधा शेवटचाही, प्रसंग असतो. या कामी शिक्षक व पालक विद्यार्थ्याला साहाय्य करतात. परंतु ते शुद्धलेखन, एखादे सुभाषित आणि सुवाच्य अक्षर यांपाशी थांबते. (पुष्कळदा मजकूरही वडीलधाऱ्यांचाच असतो, हा भाग निराळा.) 'हे कशावरून?' हा चरित्रलेखनाच्या मुळाशी असलेला प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी निवर्तल्या. शालेय चरित्राचा साचा ठरलेला आहे: जन्म, बालपण, शिक्षण, कार्य, मृत्यू. यातील 'कार्य' हा रकाना आनंदीबाईंच्या बाबतीत भरायचा कसा? मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊनच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक ठरलेली असूनही रुग्णसेवेस त्यांना अवसर मिळाला नाही. तरीही साचा रिकामा ठेवायचा नाही म्हणून 'त्यांनी गोरगरीब स्त्रियांची सेवा केली' असे वाक्य सहज लिहून होते. ते लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. साचाच त्याच्याकडून ते वदवून घेतो.

आनंदीबाईंविषयीची साधने तशी विपुल आहेत. त्यांची स्वतःची पत्रे आहेत. कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेले इंग्रजी चरित्र आहे, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ मधील कादंबरी आहे आणि त्याच नावाचा २०१९ मधील चित्रपटही. आजच्या विद्यार्थ्याला आनंदीबाई प्रथम भेटतात त्या चित्रपटात. त्यातील संवाद त्याच्या मनात इतके ठसलेले असतात की, ते प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द आहेत अशी त्याची समजूत होते. कादंबरीकाराने पात्राच्या मुखी घातलेले वाक्य आणि व्यक्तीने स्वहस्ते लिहिलेले वाक्य यांत काय अंतर आहे, हे बारा वर्षांच्या मुलाला समजावण्यास वाङ्मयीन सिद्धांतांची गरज नाही. 'त्या खोलीत ऐकायला कोण होते?' एवढे विचारले तरी पुरते.

खरी कसोटी पुढे लागते. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी बालपणी सोसलेल्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे: लाकडाचे तडाखे, अंगावर फेकलेली पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. आणि त्याच पत्रात त्या या वागणुकीचे मोलही ठरवू पाहतात. अंतिम हेतू ध्यानात घेता ती योग्य दिसते. बालमनावर होणारा परिणाम ध्यानात घेता ती अयोग्यच होती, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी लोकनिंदा सोसणारा पती आणि त्याच शिक्षणापायी तिच्यावर हात उगारणारा पती, या दोघांना एकाच वाक्यात तोलून धरणारी ही चरित्रदृष्टी आहे. ती कोणा समीक्षकाची नसून खुद्द चरित्रनायिकेची आहे, ही गोष्ट आपल्या चरित्रविषयक विवेचनात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

हा भाग मुलांपासून दूर ठेवावा, थोरांविषयीचा आदर ओसरेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. अर्धवट सांगितल्यास गोपाळराव केवळ खलपुरुष ठरण्याचा धोका आहे. परंतु पत्रात वर्णिलेली मुलगी नऊ-दहा वर्षांची आहे. सातवीतील विद्यार्थ्याइतका तिचा निकटचा वाचक दुसरा कोण असणार? वडिलांचा वा शिक्षकांचा मार त्याच्या परिचयाचा असेल, तर आनंदीबाईंचा तोल त्याला प्रौढांपेक्षा लवकर उमगेल. भक्ताने रचलेल्या चरित्राची परंपरा आपल्याकडे महिपतींपासून समृद्ध आहे, तिचे मोल निर्विवाद आहे. पण तिथे लेखकाचे प्रयोजन निराळे होते.

तेव्हा साहाय्य करणाऱ्याने विद्यार्थ्याला संपूर्ण आयुष्य लिहावयास सांगू नये. एक वर्ष निवडू द्यावे, उदाहरणार्थ १८८३, ज्या वर्षी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून आनंदीबाई परदेशी निघाल्या. प्रत्येक विधानापुढे ते पत्रातले, चरित्रातले, कादंबरीतले की चित्रपटातले, हे समासात लिहावयास लावावे. जिथे काहीच सापडले नाही तिथे 'माहिती मिळाली नाही' असे लिहिण्याची मुभा असावी आणि त्या वाक्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. यातील अखेरची अट शिक्षकांच्या हाती आहे; आणि त्या शिक्षकांपैकी अनेकांनी 'चरित्र-आत्मचरित्र' ही अभ्यासपत्रिका विद्यापीठांच्या मराठी विभागांतच, तयार टिपणांवरून, उत्तीर्ण केलेली असते.