आधी थर, मग सूत्र

'वेड पांघरून पेडगावला जाणं' ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं असं जाणकार सांगतात. मी ज्या पेडगावचा आहे ते परभणी तालुक्यातलं. पण एवढा भूगोल कोण ऐकून घेतो? होस्टेलवर पहिल्याच दिवशी गावाचं नाव सांगितलं आणि चार वर्षांपुरती माझी सोय झाली!

असो. या म्हणीचा अर्थ असा की, सगळं कळत असूनही काहीच न कळल्याचं सोंग घ्यायचं. मला मात्र हल्ली वाटतं की आपल्या शाळांमधल्या गणितात याच्या बरोब्बर उलटं सोंग चालतं. काहीच कळलेलं नसतं, पण कळल्याचं सोंग घेता येतं. आणि गंमत म्हणजे या सोंगाला पैकीच्या पैकी मार्क मिळतात. याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे घनफळ.

मागच्या दिवाळीत गावी ओसरीवर सहा-सात पोरं जमवून बसलो होतो. पाचवीपासून आठवीपर्यंतची, काही गावातली, काही सुट्टीला मामाकडे आलेली. शाळा वेगवेगळ्या, इयत्ता वेगवेगळ्या. "इष्टिकाचितीचं घनफळ?" म्हटल्याबरोबर मोठ्यांनी एका सुरात सांगितलं, "लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची!" छान. मग मी पाटीवर एक चित्र काढलं. छोटे छोटे ठोकळे रचून केलेला मोठा ठोकळा, चार लांब, तीन रुंद आणि दोन उंच. विचारलं, यात किती ठोकळे आहेत? सूत्र म्हणणाऱ्यांपैकीच दोघांनी बोट ठेवून मोजलं आणि सांगितलं, सव्वीस.

सव्वीस कुठून आले? समोरच्या बाजूचे आठ चौकोन, वरचे बारा आणि बाजूचे सहा. पोरांनी दिसतील तेवढे चौकोन मोजले. कोपऱ्यावरचा ठोकळा दोनदा-तीनदा मोजला गेला आणि मागचे, खालचे मोजलेच गेले नाहीत. याला मठ्ठपणा म्हणू नका. मायकल बॅटिस्टा आणि डग्लस क्लेमेंट्स या अमेरिकन संशोधकांनी १९९६ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. तिथल्या मुलांमध्येही त्यांना हीच गोष्ट दिसली होती. मुलं ठोकळ्यांचे थर पाहत नाहीत, पृष्ठभाग पाहतात. म्हणजे हा दोष पेडगावचा नाही आणि परभणीचाही नाही. कागदावर काढलेल्या चित्राला खोली नसते आणि आपण खोलीचं गणित कागदावरच शिकवतो, दुखणं हे आहे.

शेजारी घराचं बांधकाम निघालं होतं. पोरांना तिथे नेलं आणि चार-तीन-दोन असाच विटांचा ढीग रचायला लावला. पहिला थर झाला, मोजल्या तर बारा. त्यावर दुसरा थर, पुन्हा बारा. चोवीस! आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी, पाचवीतली, म्हणाली, "दादा, मागच्या विटा दिसत नाहीत, पण हायेत की!" मित्रांनो, घनफळ म्हणजे दुसरं काय असतं? न दिसणारं पण असलेलं मोजणं. तिने सूत्र म्हटलं नव्हतं, पण घनफळ तिला कळलं होतं.

पुढचं तर आपोआपच झालं. चार गुणिले तीन म्हणजे एका थरातल्या विटा, आणि गुणिले दोन म्हणजे थर किती. चार थर केले तर? अठ्ठेचाळीस, न रचता उत्तर. मग एकाने शंका काढली की एका भट्टीची वीट मोठी आणि दुसऱ्या भट्टीची लहान असेल तर आपले 'चोवीस' सारखे कसे? आता सगळ्यांना एकच माप हवं, ही गरज त्यांच्याच तोंडून आली. इथे एक सेंटिमीटर बाजूचा घन पुढे करायचा. भूक लागल्यावर वाढलेलं जेवण आणि भूक नसताना कोंबलेलं जेवण यातला फरक मेसमध्ये जेवणाऱ्यांना मी काय सांगावा!

आता जरा 'इष्टिकाचिती' या शब्दाकडे बघा. पोरं या शब्दाला घाबरतात, आपणही त्याची टिंगल केलेली आहे. पण इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग. विटांची रचना! शिकवायची सगळी पद्धत त्या एका शब्दात भरून ठेवली आहे आणि आपण तो शब्द फळ्यावर लिहून पुढे जातो. शुल्बसूत्रांमध्ये यज्ञाच्या वेदीला चितीच म्हणतात. श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी, पाच थरांची असे. प्रत्येक थरात दोनशे विटा, एकूण हजार. तिथेही हिशोब थराचाच.

आणि आपले भास्कराचार्य. त्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला, त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. त्यात खणलेल्या खड्ड्यांचं गणित वेगळं, रचलेल्या विटांचं वेगळं, करवतीने कापायच्या लाकडाचं वेगळं आणि धान्याच्या राशीचं वेगळं. विटांच्या प्रकरणात ते सांगतात की ढिगाच्या घनफळाला एका विटेच्या घनफळाने भागा म्हणजे विटा किती ते कळेल, आणि ढिगाच्या उंचीला विटेच्या उंचीने भागा म्हणजे थर किती ते कळेल. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तसा शिलालेखच तिथे आहे. माझा मुद्दा 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असा नाही. मुद्दा एवढाच की खड्डा, वीट, लाकूड आणि रास ही घनफळाची खरी घरं आहेत आणि ती सगळी घरं आजही पेडगावात आहेत. पुस्तकातली 'अ' इष्टिकाचिती मात्र कुठल्याच गावात राहत नाही.

थरांवरून शिकलेल्या पोराला पुढे काय काय दिसतं ते सांगतो. पुठ्ठ्याचा दहा-दहा सेंटिमीटरचा डबा करायचा, आत प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि त्यात लिटरभर पाणी ओतायचं. काठोकाठ बसतं. दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार घनसेंटिमीटर, म्हणजेच एक लिटर. हे पोरांना जादूसारखं वाटतं. मग विचारायचं, डब्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पाणी किती मावेल? दुप्पट, असं सगळे म्हणतात. आठ डबे रचून दाखवा, पुन्हा कोणी तसं म्हणणार नाही.

दुसरं उदाहरण पावसाचं. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात? पाणी तर लिटरमध्ये मोजायला हवं! कारण पाऊस हा पण एक थरच आहे. दहा बाय पाच मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास चौरस मीटरवर वीस मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या भागातल्या पोराला हे गणित डोक्यात घालून घ्यायला वेळ लागत नाही.

तिसरं उदाहरण मुद्दाम अडचणीचं. वीट नऊ बाय चार बाय तीन इंच धरा. घनफळ १०८ घनइंच. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, म्हणजे बरोब्बर सोळा विटा. आता एक फूट लांब-रुंद-उंच खोकं घ्या आणि सोळा विटा बसवून दाखवा. पंधरा बसतात. सोळावीएवढी जागा उरते, पण ती तोडल्याशिवाय आत जात नाही! सूत्र खोटं नाही, पण 'जागा आहे' आणि 'बसते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गवंड्याला कळतं, ट्रकमध्ये खोकी भरणाऱ्या हमालाला कळतं. नुसतं सूत्र म्हणणाऱ्याला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, लहान पोरांच्या गणिताचं एवढं काय? हे सोंग पुढेही चालूच राहतं, म्हणून एवढं. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत शेततळ्याचा सगळ्यात मोठा आकार ३० बाय ३० बाय ३ मीटर होता. किती पाणी मावेल? पटकन उत्तर येतं, २७०० घनमीटर. पण तळ्याच्या कडा उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तळाशी ३० नाही, २४ मीटरच उरतात. थर खाली खाली लहान होत जातात. भास्कराचार्यांचा नियम लावा. वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, आणि वरच्या-खालच्या बाजूंची बेरीज ५४, तिचं क्षेत्रफळ २९१६. तिन्हींची बेरीज ४३९२. तिला सहाने भागून तीनाने गुणलं की २१९६ घनमीटर. म्हणजे ५०४ घनमीटरची चूक, पाच लाख चार हजार लिटर पाणी कागदावरच! सिव्हिलवाल्यांनो, मातीकामाच्या हिशोबात आपण शिकतो ते प्रिझमॉइडल सूत्र हेच. ज्याला लहानपणी थर दिसले त्याला ते परक्याचं वाटत नाही. बाकीचे परीक्षेच्या आदल्या रात्री ते पाठ करतात. कोण कसं करतं ते आपल्या मजल्यावर सर्वांना माहीत आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला म्हणजे वेळ. शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, शिष्यवृत्ती परीक्षा डोक्यावर असते, शिवाय शाळाबाह्य कामं असतातच. मान्य. पण माझा अनुभव असा की विटा रचायला दोन तास पुरले आणि सूत्र वेगळं शिकवावं लागलं नाही. सूत्र आधी दिलं तर पाच मिनिटांत होतं, पण पुढे प्रत्येक इयत्तेत ते नव्याने द्यावं लागतं. मग वेळ नक्की कुठे वाचला?

दुसरा आक्षेप असा की हा सगळा खेळ आहे, पोरं आयुष्यभर विटाच मोजत बसतील. हेही खरं आहे, कधीतरी विटा सोडाव्याच लागतात. चोवीस हजार विटा कोणी रचून मोजत नाही, म्हणून तर सूत्र. मी सूत्राच्या विरोधात मुळीच नाही. सूत्र म्हणजे केलेल्या कष्टाची बचत. पण ज्याने कष्टच केले नाहीत त्याने बचत कशाची करायची? भांडण आहे ते फक्त क्रमाचं.

आता आपल्याकडे येतो. रासेयोच्या शिबिरात आपण दरवर्षी सात दिवस गावात राहतो. शोषखड्डे खणतो, झाडं लावतो, रात्री पथनाट्य करतो. सर-मॅडमना माझी विनंती आहे की यातला रोजचा एक तास तिथल्या पोरांसाठी ठेवावा, आणि तोही फळा-खडूशिवाय. शोषखड्डा खणताच आहोत तर तो किती लिटरचा, हे पोरांनाच टेप लावून काढू द्या. काडेपेट्या, साबणाच्या वड्या, विटा, पुठ्ठा आणि पाणी, बस. खर्च जवळजवळ शून्य आणि कुठल्याही ब्रँचला जमेल असं काम.

आणि शिबिराला वेळ असेल तर सुरुवात इथेच करा. गच्चीवरची पाण्याची टाकी टेप लावून मोजा. समजा तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल निघाली, तर नऊ हजार लिटर. मजल्यामजल्यावरची डोकी मोजा. एकशे वीस जण असतील तर वाट्याला ७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पाच बादल्या. मग सकाळी आठला पाणी का जातं यावर रेक्टरसरांशी भांडायला जाण्याआधी, कोण किती बादल्या ओततो ते एकदा दारात उभं राहून मोजा. उत्तर सूत्रात सापडणार नाही.