तुमच्या घराचा नंबर रस्त्यावरून वाचता येतो का?



आपल्या दाराला तोरण असतं, उंबऱ्यापुढे रांगोळी असते, गेटवर ‘मातृछाया’ किंवा ‘आशीर्वाद’ अशी सुरेख पाटी असते. पण घराचा नंबर? तो बहुतेक घरी नगरपरिषदेच्या कराच्या पावतीवर असतो, आणि पावती असते कपाटात! पोस्टमन ओळखीचा, दूधवाला रोजचा, म्हणून एरवी काही अडत नाही.

अडतं ते रात्री दोन वाजता सासूबाईंच्या छातीत दुखू लागतं तेव्हा.

अशा वेळी आपण १०८ नंबर फिरवतो. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. मात्र आपला फोन पुसदला वाजत नाही, तो पुण्याच्या केंद्रात घेतला जातो. तिथे बसलेल्या माणसाला “सरांच्या घराशेजारी” सांगून काय कळणार? मारुतीचं देऊळ दर दोन ले-आउटमागे एक आणि शिवाजी चौक तर गावोगावी! मग गाडी ले-आउटमध्ये शिरते खरी, पण दार शोधत फिरत राहते. हृदय बंद पडलं, तर चार ते सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, हे ध्यानात घ्या. मोबाइलवरून जागा कळते म्हणावं, तर अंधारात नेमकं दार कोणतं हे तो सांगत नाही.

उपाय अगदी घरगुती आहे.

१. आकडे निदान चार इंच उंच हवेत. पुठ्ठ्यात आकडा कापून घ्या आणि वरून ऑइल पेंट फिरवा. पांढऱ्यावर काळा किंवा गडद रंगावर पांढरा. सोनेरी वेलबुट्टी नावाला शोभते, नंबराला नाही.

२. नंबर गेटच्या फाटकावर नको, बाजूच्या खांबावर हवा. फाटक उघडं राहिलं की त्यावरचा आकडा भिंतीकडे तोंड करतो. मधुमालतीचा वेल त्यावर येऊ देऊ नका.

३. रात्री वीज गेली तरी टॉर्चच्या उजेडात चमकेल अशी रेडियमची पट्टी लावा.

४. प्लॉटचा नंबर आणि नगरपरिषदेचा नंबर वेगळे असतील, तर ‘प्लॉट’ आणि ‘घर’ असे शब्द पुढे लिहा. नुसते दोन आकडे म्हणजे घोळच.

५. नंबर, ले-आउटचं नाव, जवळची ठळक खूण, पुसद, जिल्हा यवतमाळ, एवढं कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. मुलांकडून तो पाठ करून घ्या.

६. गाडी निघाली की अंगणातला दिवा लावा, गेट उघडा, कुत्रा बांधा आणि एकाला टॉर्च देऊन कोपऱ्यावर उभं करा.

सगळं झालं की रात्री रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. नंबर दिसला तर ठीक, नाहीतर पुन्हा रंगवा.

आणि हो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटावं हा प्रश्न दरवर्षीचाच. यंदा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी ज्या त्या घराच्या नंबराची रेडियमची पट्टी लुटा. अख्ख्या गल्लीला उपयोगी पडेल असं वाण आहे ते!