व्याज नाही म्हणून बँक बुडत नाही?

“इस्लामी बँक बुडूच शकत नाही, कारण तिथे व्याज नाही.” जलशांत, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर देणे भाग आहे.

उत्तर तुर्कस्तानात आहे. इहलास फायनान्स ही तिथली सर्वांत मोठी बिनव्याजी वित्तसंस्था होती. नोव्हेंबर २००० मध्ये देशात बँकांवर संकट आले आणि खातेदार पैसे काढायला धावले. पैसे अडकलेले होते, आणि ठेवींना सरकारी विमाही नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये परवाना रद्द झाला. लोक स्वतःच्याच पैशांसाठी वर्षानुवर्षे ताटकळले.

हे का होते? ठेवीदाराला पैसे आज हवे असतात. बँकेने ते मुराबहात, इजाऱ्यात लांब मुदतीसाठी गुंतवलेले असतात. साधी बँक अशा वेळी दुसऱ्या बँकेकडून रात्रीपुरते कर्ज उचलते, रोखे गहाण ठेवते, शेवटी मध्यवर्ती बँकेचे दार ठोठावते. या तिन्ही दारांत व्याज उभे असते. मुराबह्याचे येणे कमी किमतीत विकून रोकड करावी, तर बहुसंख्य उलेमांच्या मते तोही रिबाच.

मग पळवाट निघाली: संघटित तवर्रुक. धातू उधारीवर घ्यायचा, लगेच रोखीने विकायचा. धातू गोदामातून हलत नाही. हलते ती रोकड, आणि परतफेड जास्त रकमेची. ओआयसीच्या फिकह अकादमीने २००९ मध्ये शारजाहच्या बैठकीत हे नाजायज ठरवले. तरी व्यवहार चालूच आहे. व्याजाला अरबी नाव दिल्याने ते हलाल होत नाही.

खरा उपाय कष्टाचा आहे. मलेशियाने १९९४ मध्येच बँकांसाठी इस्लामी नाणेबाजार उभारला. क्वालालंपूरची एक आंतरराष्ट्रीय संस्था २०१३ पासून अल्पमुदतीचे सुकूक काढते. पुरेसे नाही, पण दिशा तीच.

आपल्याकडे इस्लामी बँक नाही. ‘हलाल नफ्या’च्या योजना मात्र गल्लोगल्ली आहेत. पैसे देण्याआधी चालकाची दाढी आणि दफ्तरातली आयत पाहू नका. एवढेच विचारा: उद्या निम्मे खातेदार एकदम आले, तर पैसे कुठून देणार? उत्तरात नुसते “इन्शाअल्लाह” आले, तर उठून घरी या. तवक्कुल उंट बांधून झाल्यावर करायचा असतो. लोकांची अमानत घेणाऱ्याने आधी दावे दाखवावे.