आमचा लाडका एअरोटर

परवा डेंटल सामान विकणारा एक तरुण मुलगा दवाखान्यात आला आणि त्याने विजेच्या मोटरवर चालणारा नवा हँडपीस माझ्यापुढे ठेवला. एकसारखा वेग, भरपूर ताकद, आवाज कमी. मी तो हातात धरून पाहिला, मनापासून कौतुक केलं आणि परत दिला. तो जरा हिरमुसून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सगळे त्या हवेच्या एअरोटरलाच का चिकटून बसता?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं खरं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा प्रपंच.

एअरोटर म्हणजे काय हे सांगायला नकोच. दातात सिमेंट भरून घेतलेल्या प्रत्येकाच्या कानात तो आवाज असतो. वाळपईहून येणारी माझी एक म्हातारी पेशंट खुर्चीत बसण्याआधीच हात जोडते, "दोतोर, तें घूं घूं करता तें नाका मरे!" तिचं खरं आहे. आवाज वाईटच. पण तिला हे ठाऊक नसतं की तोच आवाज तिच्या दाताची राखण करत असतो.

थोडा इतिहास. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसनने शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं ड्रिल आणलं. पुढे विजेची मोटर आणि दोरीचा पट्टा आला. वेग कमी, त्यामुळे दात कोरताना डोक्याची कवटी हादरायची. नंतर न्यूझीलंडमध्ये जॉन वॉल्श यांनी हवेच्या झोताने फिरणाऱ्या चक्रावर काम केलं आणि १९५७ साली जॉन बॉर्डन यांचा 'एअरोटर' बाजारात आला. ते खरं तर त्या एका यंत्राचं व्यापारी नाव. पण आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं कुठल्याही कंपनीचा हवेवरचा हँडपीस म्हणजे एअरोटर!

त्याचं काम भिंगरीसारखं. काँप्रेसरची हवा नळीतून येते आणि डोक्यातल्या इवल्याशा चक्राला फिरवते. मिनिटाला तीन-चार लाख फेरे. गंमत अशी, की हा वेग मोकळ्या हवेतला. बर दाताला टेकला की तो उतरतो आणि जोर जास्त दिला तर भिंगरी चक्क थांबते. विकणारे याला दोष म्हणतात. माझ्या मते आमची निष्ठा नेमकी इथेच जडते.

कारण वेग उतरला की सूर बदलतो. कडक आवरणावर एक सूर, आतल्या मऊ भागात दुसरा, जुन्या चांदीच्या भरणावर तिसरा. दाताची नस कधी कधी अवघ्या एका मिलिमीटरवर असते. तोंडात पाण्याचा फवारा, आरसा धुरकट, नीट दिसत नाही. अशा वेळी कान आणि बोटं सांगतात, हात हलका कर. विजेचा हँडपीस मिनिटाला साधारण दोन लाख फेऱ्यांवर चालतो, पण दाबलं तरी अडत नाही. ज्याचा हात त्यावर बसला आहे त्याच्यासाठी ते वरदान. झिरकोनियाची कॅप कापायची असेल तर मीही त्याच्यापुढे नमतो. पण वीस-पंचवीस वर्षं ज्याला अडणाऱ्या भिंगरीने शिकवलं, त्याला न अडणारी मोटर म्हणजे लगाम नसलेला घोडा वाटतो.

बाकी कारणं साधी आहेत. एअरोटर वजनाला हलका, दिवसाला पंधरा दात कोरल्यावर मनगटाला हा फरक कळतो. डोकं लहान, म्हणून तोंड कमी उघडणाऱ्या आजीच्या शेवटच्या दाढेपर्यंत पोचतो. बेअरिंग गेलं तर कार्ट्रिज मी स्वतः पाच मिनिटांत बदलतो, दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवावा लागत नाही. आषाढात वीज गेली तरी टाकीत साठलेली हवा हातातलं काम उरकण्यापुरती पुरते. आमच्या दमट हवेत संध्याकाळी टाकीतलं पाणी आठवणीने सोडलं आणि वेळेवर तेल दिलं, की बिचारा मुकाट राबतो.

इथपर्यंत लेख एअरोटरच्या आरतीसारखा झाला. आता खरं बोलतो.

निष्ठेची एक किंमत असते आणि ती मी मोजलेली नाही, पेशंटने मोजली असेल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला माझ्याकडे दोनच एअरोटर होते, त्यातला एक लाडका. बाहेर गर्दी असली की त्यालाच स्पिरिटने पुसायचं आणि पुढच्या तोंडात घालायचं. त्या काळी असं चालायचं, असं म्हणून मी मनाची समजूत घालू शकतो. पण अमेरिकेच्या सीडीसीने प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करावा असं १९९३ मध्येच सांगितलं होतं. भिंगरी थांबताना तोंडातलं पाणी-रक्त आत ओढलं जाऊ शकतं, ते बाहेरून पुसून निघत नाही. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी पुसत होतो. आज त्याची लाज वाटते.

म्हणून माझं मत असं, की दंतवैद्याने जरूर एकनिष्ठ राहावं, पण मॉडेलशी. एका नगाशी नव्हे. आज माझ्याकडे एकाच मॉडेलचे सहा एअरोटर आहेत. प्रत्येक पेशंटनंतर तेल आणि ऑटोक्लेव्हची १३४ अंशांची वाफ. वाफेने बेअरिंग लवकर झिजतं, खर्च वाढतो. वाढू दे. आणि अक्कलदाढ कापून काढायची असेल तेव्हा लाडका बाजूला, कारण त्याची हवा उघड्या जखमेतून कातडीखाली शिरून गाल फुगू शकतो. प्रेम असावं, आंधळं नसावं.

वाचकांनो, पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा एअरोटर कुठल्या कंपनीचा हे विचारू नका, ते आमच्या हातावर सोडा. तो ऑटोक्लेव्हमधून आलाय का, एवढंच विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि रागावलाच, तर दात घेऊन दुसरीकडे जा.