सत्कार झाला, दुरुस्ती राहिली

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेला हा जवान १९७२ साली भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देता झाला, आणि पुढे टेल्कोतील नोकरीमुळे पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीला आपल्या घरचाच वाटू लागला. त्यांचे अभिनंदन सर्व थरांतून झाले व ते होणे उचितच होते. परंतु अभिनंदनाच्या या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला : १९७२ च्या पराक्रमाची पोच २०२५ मध्ये का मिळावी?

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई दलात ते दाखल झाले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६५ साली सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. ही स्पर्धा म्युनिकला भरायची होती. परंतु तेथील ऑलिंपिकग्रामातील घरे नंतर खाजगी निवासासाठी द्यायची ठरली होती, म्हणून अपंग खेळाडूंची रवानगी हायडेलबर्गला झाली. त्यांच्या वाट्याला नेहमीच उरलेली जागा यावी, हा जगाचा रिवाज आपल्याच देशात आहे असे नव्हे.

१९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी पेटकरांचा विचार व्हावा म्हणून अर्ज झाला, तो नाकारला गेला. अपंगत्वामुळेच आपल्याला डावलले, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. त्या काळी अपंगांच्या क्रीडेसाठी देशपातळीवर संघटनाही नव्हती. ती नव्वदच्या दशकात उभी राहिली. महाराष्ट्र सरकारने शिवछत्रपती पुरस्कार देऊन आपल्यापुरती कदर केली होती. दिल्लीला मात्र २०१८ साली पद्मश्री देण्याची बुद्धी झाली. त्यानंतर आला अर्जुन पुरस्कार, आणि तोही कोणत्या वर्गात? 'जीवनगौरव' या नव्याने निर्माण केलेल्या वर्गात. ध्यानचंद पुरस्कार बंद करून त्याच्या जागी हा वर्ग आणण्यात आला.

येथेच खरी मेख आहे. १९८२ चा नकार चुकीचा होता, असे सरकारने कोणत्याही कागदावर म्हटलेले नाही. जुन्या फाइलला हात न लावता तिच्या शेजारी नवी फाइल उघडण्यात आली. दुरुस्ती करायची तर आधी चूक कबूल करावी लागते. सन्मान द्यायला मात्र केवळ औदार्य पुरते. दुरुस्ती हा नागरिकाचा हक्क ठरतो, सन्मान हा शासनाचा उपकार ठरतो, आणि उपकार करण्यात जी प्रसन्नता असते ती चूक मान्य करण्यात नसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या फाइलची कथा निराळी, पण वहिवाट तीच.

पेटकरांच्या बाबतीत निदान त्यांचे नाव गर्जत होते. जून २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट आला, आणि सहा-सात महिन्यांत पुरस्कार जाहीर झाला. या क्रमाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. परंतु ज्यांच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही अशांचे काय? देहूरोडच्या दारूगोळा कोठारापासून दिघी-दापोडीच्या छावण्यांपर्यंत आणि तळवडे, भोसरी, चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांपर्यंत हा सारा पट्टा माजी सैनिकांनी भरलेला आहे. फाटकावर काठी घेऊन उभा असलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद करणारा माणूस कधीकाळी सीमेवर होता, हे त्याला सलाम न करता आत शिरणाऱ्या साहेबाला ठाऊकही नसते. यांतील अनेकांच्या डिस्चार्ज बुकात त्यांच्या हक्काची पदके चढलेलीच नाहीत.

ती का चढली नाहीत, याचे कारण कोणाचा दुष्टावा असेलच असे नाही. बहुतेक वेळा ते कारकुनी व्यवहारातच दडलेले असते. युद्ध आधी होते आणि त्याचे पदक मागाहून निर्माण होते. १९६५ ची लढाई सप्टेंबरात थांबली. रक्षा पदक आणि समर सेवा तारा १९६७ साली स्थापन झाले. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठीचे पदक १९७३ साली आले, आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमांना लागू करण्यात आले. मधल्या काळात जो गणवेश उतरवून गावी गेला, त्याचे पुस्तक बंद झालेले होते. ज्याची बदली दुसऱ्या पलटणीत झाली, जो तात्पुरता दुसऱ्या तुकडीला जोडून दिला होता, जो जखमी होऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरला, त्याची नोंद या कार्यालयातून त्या कार्यालयात जाताना कोठे गळाली, हे शोधणार कोण? त्यात नावांचा घोळ निराळाच. भरतीच्या वेळी इंग्रजी लिपीत कसेबसे उतरवलेले मराठी नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे होते. आडनाव एकीकडे असते, दुसरीकडे नसते. पुढे नातवाने अर्ज केला की कार्यालय विचारते, हा तोच माणूस कशावरून?

पदकाच्या या नोंदीला केवळ छातीवर लावण्याचे मोल आहे असेही नव्हे. जखम शत्रूच्या कारवाईत झाली की अपघातात, यावर निवृत्तिवेतनाचा दर ठरतो. आणि शौर्यपदक विजेत्यांना राज्य शासनाचे अनुदान नोंदीवाचून मिळत नाही. म्हणजे गाळलेली एक ओळ म्हाताऱ्याच्या अगर त्याच्या विधवेच्या औषधपाण्यातून कापली जाते.

दुरुस्तीची वाट कशी आहे तीही पाहावी. जवानाचे कागद ज्याच्या त्याच्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर सागर, ईएमईचा असेल तर सिकंदराबाद. बॉम्बे सॅपर्सचे कागद खडकीला, दापोडीहून केवळ नदीपलीकडे आहेत. पण अर्जाची चाल मात्र सगळ्यांची सारखीच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज पुढे पाठवते आणि उत्तराची वाट पाहण्याचे काम अर्जदाराकडे राहते. उत्तर न आल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार मोकळे आहे, परंतु त्या दारापर्यंत पोहोचायला वकील लागतो. पाळीवर बारा-बारा तास उभा राहणारा वॉचमन किती तारखांना मुंबईला जाईल?

त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानाचे सेवाकागद २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. साठ-सत्तरच्या दशकांत थोडी वर्षे सेवा करून परतलेले पुष्कळ जवान याच वर्गात मोडतात. दुसऱ्या बाजूला संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली धोरण जाहीर केले की, युद्धाच्या दैनंदिन्या व इतिहासाचे कागद सामान्यतः २५ वर्षांनी खुले करावेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत. एकीकडे लढाईचा इतिहास उघडायचा आणि दुसरीकडे त्याच मुदतीत लढणाऱ्याचे नाव जाळायचे, ही कसली व्यवस्था? शासनानेच नष्ट केलेला पुरावा शासनच अर्जदाराकडे मागते, यापरता अन्याय कारकुनी भाषेत तरी क्वचितच लिहिला गेला असेल.

याच चाकण पट्ट्यातील वाहन कारखान्यांचा रिवाज पाहावा. गाडीतील एखादा सुटा भाग सदोष निघाला तर कंपनी त्याच्या क्रमांकावरून गाडी शोधते, मालकाला स्वतः पत्र धाडते आणि भाग फुकट बदलून देते. तुमच्या गाडीत दोष आहे हे आधी सिद्ध करा, असे मालकाला म्हणत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कारखान्याला पत्र्याच्या तुकड्याचा माग ठेवता येतो. प्रत्येक जवानाला क्रमांक देणाऱ्या सैन्याला त्या क्रमांकाच्या माणसाचा माग का ठेवता येऊ नये?

खोटे दावे वाढतील, ही अधिकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. म्हणून तर पडताळणी दावेदाराच्या तोंडी सांगण्यावरून न होता पलटणीच्या हजेरीपटावरून व युद्धदैनंदिनीवरून झाली पाहिजे, आणि ते कागद जवानाच्या ट्रंकेत नसून सरकारच्या कपाटात आहेत. ज्या पलटणी १९६२, १९६५ व १९७१ च्या आघाड्यांवर होत्या, त्यांच्या यादीवरून पात्र जवानांची नावे रेकॉर्ड ऑफिसांनी स्वतः काढावीत. ती तालुक्यातालुक्यांतून आणि सैनिक कल्याण कार्यालयांतून लावावीत. आणि नष्ट झालेल्या कागदांच्या बाबतीत पुराव्याचा भार अर्जदारावर नसेल, असा लेखी आदेश निघावा. ज्यांना मागाहून पदक मिळेल त्यांच्या मूळ नोंदीतच ते त्या सालाच्या रकान्यात चढवावे, नव्या वर्गात नव्हे. १९६५ साली वीस वर्षांचा असलेला जवान २०२५ साली ऐंशीचा झाला. या कामाला मुदत घालायची असेल तर ती महिन्यांत घालावी लागेल, पंचवार्षिक योजनांच्या हिशेबाने नव्हे.