रसद कुणाला?

सातारा-सांगलीकडं आपल्या वस्त्यांतली पोरं पहाटे भरतीसाठी धावतात. माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते विमानं धाडणाऱ्या दिल्लीशी.

४ जून १९८७. पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन मदत टाकली. संगतीला मिराज. भाकर टाकायची तीसुद्धा लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात! दोन महिन्यांच्या आत शांतिसेना तिथं उतरली. मग याच विमानांच्या खेपा : जाताना जवान, दारूगोळा, शिधा, येताना जखमी. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये फौज परतली ती ११०० हून जास्त जवान गमावून. जाब कुणी दिला?

आता घरचं बघा. ऑगस्ट २०१९, कृष्णेचा महापूर. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला खच्चून भरलेली बोट उलटली. बायापोरं बुडाली. पुरात लष्कर आलं, नौदल आलं, नाही कोण म्हणतो? पण समुद्रापलीकडं हुकमासरशी रसद पोचवणाऱ्या सरकारला इथं वेळेवर चार बोटी धाडता येईनात? दिल्लीहून पलूस काय जाफन्यापेक्षा लांब आहे?